सुरी दातांत धरलेला माणूस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. "वाचनालय चालवतानाचे अनुभव लिहा, वाचनसंस्कृतीबद्दलही थोडं येऊ द्या," असं ते म्हणाले. वाचनसंस्कृती हा शब्द ऐकला की मला आताशा जांभई येते. अंधेरीच्या बाजारामागच्या गल्लीत एका गाळ्यात मी आणि आमचे हे अर्धं आयुष्य पुस्तकं देत-घेत बसलो. त्यात संस्कृती किती होती ठाऊक नाही; धूळ पुष्कळ होती. खोकला अजून आहे.

म्हणून संस्कृतीचं राहू द्या. मी लिहिणार आहे रहस्यकथांच्या मुखपृष्ठांबद्दल. आता त्यांना बरे दिवस आलेत म्हणे. वांद्र्याच्या कुठल्याशा कॉफीच्या दुकानात ती मोठी करून भिंतीवर लावली आहेत, असं भाची सांगत होती. लावू देत. आमच्याकडे ती यायची तेव्हा चारचौघांत हातात धरायची लाज वाटावी अशी असायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वाचनालय म्हणजे पुस्तकं आणायची आणि फळीवर मांडायची. तसं केलं तर नवं पुस्तक महिनाभरात पानपान होऊन परत येतं. म्हणून ते आल्या आल्या आमच्या गफूरभाईंकडे जायचं. गफूरभाई बाइंडर. ते पुस्तक उसवायचे, पुन्हा दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठा चढवायचे आणि मूळचं मुखपृष्ठ वरून डकवायचे. दोन-तीन वर्षांनी पुस्तक पुन्हा खिळखिळं झालं की दुसरी बांधणी. तोवर मुखपृष्ठाचे कोपरे गेलेले, त्यावर आमटीचे डाग. "वहिनी, हे फेकून देऊ ना?" असं गफूरभाई पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नका फेकू. मला द्या."

का, ते मला सांगता आलं नाही. ह्यांनी तर कपाळावर हातच मारला. ह्यांना गंभीर साहित्याचं प्रेम. त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दोन तिरक्या रेघा आणि एक गोल असायचा. गाळ्याचं भाडं मात्र रहस्यकथा भरायच्या, आणि त्यांच्यावर काय नसायचं! हिरवा चंद्र, पडद्याआडून आलेला हात, जिन्यावर सांडलेलं रक्त, तोंडावर पालथी मूठ धरून किंचाळणारी बाई. मी सकाळी नऊला खुर्चीत बसायचे ती रात्री आठला उठायचे. माझ्यासमोर कुणी कधी किंकाळी फोडली नाही, फार तर उशिराच्या दंडावरून कुरकुर केली. त्या चित्रांतली माणसं मात्र सदा कशाच्या तरी ऐन मध्यात असायची. मला ते बघायला आवडायचं, एवढंच. चांगली चित्रकला म्हणून नव्हे.

गिऱ्हाइकांना मात्र ती झाकून हवी असायची. कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई दर शनिवारी तीन रहस्यकथा न्यायच्या आणि म्हणायच्या, "आतलं असू द्या, वरचं तेवढं झाका." त्यांच्यासाठी मी ब्राऊन पेपरची कव्हरं तयार ठेवायचे. त्यांच्या अगदी उलट एक निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी परत केलेल्या पुस्तकांवरच्या बायकांना बाह्या आलेल्या असायच्या. बॉलपेनने, रेघ न रेघ जुळवून, कोपरापर्यंत. एकदा तर पोहण्याच्या वेषातल्या बाईला त्यांनी नऊवारी नेसवली. मी विचारलं तर म्हणाले, "घरात सुना आहेत हो." चिडावं की हसावं कळेना. पुढे त्यांना दिसेनासं झालं. मग सून येऊन त्यांच्यासाठी पुस्तकं नेऊ लागली, ती घरी वाचून दाखवायची. मुखपृष्ठं तशीच राहू लागली.

ही बाह्यांची करामत मी ज्यांना दाखवली ते नार्वेकर मास्तर खो खो हसले. "शिवण बरी आहे, खांद्याचं माप चुकलंय," म्हणाले. हसतील नाही तर काय, मूळ चित्र त्यांचंच होतं.

नार्वेकर मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि संध्याकाळी मुखपृष्ठं रंगवायचे. आमच्याकडे यायचे ते आपलं चित्र छापून कसं आलंय ते बघायला. प्रकाशक त्यांना प्रत द्यायचा नाही. पुस्तक उघडून वाचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांच्याकडून मला या धंद्याची गंमत कळली. चित्र आधी व्हायचं, कादंबरी नंतर! प्रकाशकाकडून चार शब्द यायचे: 'बंगला, पाऊस, प्रेत, टॉर्च.' मास्तर चित्र काढायचे, त्याचा छपाईचा ब्लॉक बनायला जायचा आणि तोवर लेखक कथेत कुठेतरी बंगला, पाऊस, प्रेत आणि टॉर्च बसवायचा. मॉडेल परवडायची नाहीत, त्यामुळे प्रेत म्हणून मास्तरांचे मेव्हणे चटईवर पडायचे आणि पिस्तूल रोखणारी बाई म्हणजे मास्तरांची बायको, हातात लाटणं घेऊन. "शरीरं घरातली चालतात," मास्तर म्हणायचे, "पण चेहरा बाहेरून उसना आणावा लागतो. घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर भीतीच येत नाही हो, कंटाळाच येतो." चेहरे शोधायला ते रविवारी वर्सोव्याच्या बंदरावर जाऊन बसत.

त्यांचं एक मुखपृष्ठ माझं फार आवडतं. काळा समुद्र, होडीच्या काठावर ओणवा झालेला एक पुरुष, उघडा, ओले केस कपाळावर. दोन्ही हात खाली कशाला तरी घट्ट धरलेले आणि दातांत आडवी सुरी. डाव्या भुवईला मधोमध व्रण. पुढे कोपऱ्यात हिरव्या साडीतली बाई किंचाळते आहे. तो त्या बाईकडे बघतच नाही. त्याचं लक्ष आपल्या हातांकडे. आता या वयात सांगायला हरकत नाही, तो माणूस मला आवडायचा. दुपारी गाळ्यात कुणी नसलं की मी ते पुस्तक काढून बघत बसायचे. नवऱ्याने हिशेब विचारला की पटकन मिटायचे. गंमत म्हणजे मास्तरांना ते चित्र नकोसं झालं होतं. ते दर्शनी फळीवर दिसलं की मागे सरकवायचे. मला वाटायचं, छपाई बिघडली म्हणून असेल.

मास्तर गेले. मूळ चित्रं प्रकाशकाच्या गोदामात भिजून लगदा झाली, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं. पुढे गिऱ्हाइकं टीव्हीकडे गेली, मग मोबाइलकडे. गाळ्याची इमारत पाडायला निघाली तेव्हा आम्ही वाद घातला नाही. फार थकलो होतो. गंभीर पुस्तकं एका शाळेने नेली, रहस्यकथा रद्दीत गेल्या. मी गफूरभाईंनी दिलेली मुखपृष्ठं तेवढी एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून घरी आणली.

इथवरचं सगळं कुठल्याही वाचनालयवाल्याला सांगता येईल. पुढचं मात्र माझ्याच वाट्याला आलं.

आमच्याकडे वर्सोव्याहून हिराबाय मासळी घेऊन येते. माझ्याच वयाची. तिची नि माझी ओळख म्हणजे बोंबील, मांदेली आणि दोघींचे गुडघे. तिचा नवरा धर्मा, होडीवर खलाशी होता, तो तरुणपणीच दर्यात गेला एवढं मला माहीत होतं. होडी परत आली, तो आला नाही. मुलगा महेश तेव्हा रांगत होता. हिराबायने त्याला होडीवर पाय ठेवू दिला नाही. शिकवलं, ऑफिसात लावला.

गेल्या वर्षी एका सकाळी तिने पाटी दारात उतरवली आणि मासळी काढायच्या ऐवजी उंबऱ्यावर बसूनच राहिली.

"ताय, तुजं ते पुस्तकांचं दुकान होतं ना? तवाची पुस्तकं हायत काय?"

"नाही गं, गेली सगळी. तुला कशाला पुस्तकं?"

"नातीचं लगीन ठरलंय. हळदीला धवलारीन बसंल गायला. देवांना बोलवंल, घरातली जी गेली त्यांना नाव घेऊन बोलवंल. सगळ्यांचे फोटो भितीवर हायत. सासऱ्याचा हाय, सासूचा हाय. धर्माचा नाय."

लग्नाचा एकच फोटो होता. घराची डागडुजी करताना सामान बाहेर काढलं, त्यात पेटी भिजली आणि त्या फोटोत दोन पांढरे डाग तेवढे उरले, हे तिने त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं.

"मग पुस्तकाचं काय?"

"एक मास्तर यायचा बंदरावर. बारका, चष्मेवाला. त्यानं धर्माला कागदावर काढलेला. धर्मा घरी येऊन बोलला, मी पुस्तकावर येनार. आठ दिवस नुसता नाचत होता. मग तो गेलाच. मना वाचता येत नाय ताय, मी कुठं शोधनार? काल रातीला आठवलं, तुजं दुकान होतं."

मी ट्रंक ओढून बाहेर काढली. काय सापडणार हे मला कळलं होतं, तरी मी ते चित्र एकदम काढून तिच्या हातात दिलं नाही. धीरच झाला नाही. गठ्ठाच तिच्यासमोर ठेवला.

ती एकेक कागद नीट बघत होती. मध्येच म्हणाली, "ह्या बायका सगळ्या वरडतात कशाला गं?" मी म्हटलं, "त्याचेच पैसे घेतात." ती हसली. पुढचा कागद उलटला आणि तिचं हसू तसंच ओठांवर राहिलं.

तिने पदराने हात पुसले, मग बोट त्या भुवईवर ठेवलं. "गळ लागलेला," ती म्हणाली. "लगीन व्हायच्या आधी."

मी आजवर समजत होते, खलनायकाला व्रण हवा म्हणून मास्तरांनी तो घातला. धर्माच्या छातीवर आमच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का उमटला होता, मीच मारलेला. ज्या माणसाकडे मी चोरून बघायचे त्याची बायको इतकी वर्षं आठवड्यातून दोनदा माझ्या दारात येत होती. मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र खुशीत होती. "माजा धर्मा. ताय, बघ ना, कसला दिसतोय!"

"झकास दिसतोय," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मग तिने आणखी एक सांगितलं. धर्मा गेल्यावर मास्तर तिच्या घरी आला होता. हातात पिशवी होती. चहा घेतला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. "पिशवी उघडलीच नाय त्यानं. मना वाटलं, काय आनलं असंल." मास्तर ते पुस्तक मागे का सरकवत होते, ते मला त्या दिवशी कळलं. बुडालेल्या माणसाच्या बायकोच्या हातात, तो खून करायला निघाला आहे असं चित्र कसं देणार?

दोन दिवसांनी संध्याकाळी महेश आला. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला शांत. हिराबायने ते मुखपृष्ठ घरी नेलं होतं; त्याने ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून परत आणलं होतं.

"काकू, आईला सांगा ना, हे बाबा नाहीत म्हणून. तुमचं ऐकेल ती."

"पण तेच आहेत, महेश."

"असतील. पण लग्नघर आहे. व्याही येणार, ऑफिसची माणसं येणार. भिंतीवर सगळे आजोबा टोप्या घालून बसलेत आणि मध्ये माझे वडील तोंडात सुरी घेऊन? पुढ्यात बाई किंचाळतेय? लोक मोबाइलवर फोटो काढतील हो." त्याने फोल्डर टेबलावर उपडा ठेवला. "लोकांचं सोडा. मला माझा बाप आठवत नाही, काकू. एकदाही स्वप्नातसुद्धा आला नाही. आणि पहिल्यांदा बघायचा तो खुनी म्हणून?"

आमचे हे आतल्या खोलीतून ऐकत होते, ते बाहेर आले. या चित्रांना जन्मभर कचरा म्हणणारा माणूस महेशजवळ बसला आणि म्हणाला, "अरे, स्टुडिओत दे. हल्ली कॉम्प्युटरवर सगळं काढता येतं. बाई काढ, सुरी काढ. चेहरा तर राहील."

महेशला ते पटलं. मलाही पटलं. स्टुडिओवाल्याने काम सफाईने केलं. बाई गेली, समुद्र गेला, शिक्का गेला, सुरी गेली. सुरीच्या जागी त्याने मिटलेले ओठ बसवले, थोडे हसरे. वर पांढरा शर्ट चढवला आणि केस विंचरले. फ्रेम घेऊन महेश आईला रिक्षात घालून आमच्याकडेच आला, कारण मी समोर असावं असं त्याला वाटत होतं.

हिराबायने फ्रेम मांडीवर घेतली. बोट भुवईवरून ओठांपर्यंत नेलं.

"हा कोन?"

"आई, बाबा."

"नाय." तिने फ्रेम त्याच्याकडे सरकवली. "भुवई त्याची हाय. तोंड कुनाचं लावलंस?"

"आई, सुरी काढली तर खाली तोंड काहीतरी लावायलाच लागणार ना!"

"सुरी काढलीस कशाला?"

महेश वैतागला. "कशाला म्हणजे? सुरी घेऊन कोणाला मारायला निघालेत ते?"

तो असं का विचारतो आहे, हेच हिराबायला कळत नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं असावं, की हे याला कुणी दाखवलंच नाही. तिनेच तर त्याला होडीपासून लांब ठेवला होता.

"अरे, जाळं अडकतं," ती हळूच म्हणाली. "खडकाला नाय तर होडीच्या पंख्याला. दोन्ही हातांनी वढून धरायला लागतं, सोडलं तर गेलं. मग सुरी ठेवायची कुठं? दातात. कापायची येळ आली की एक हात सोडायचा, झटकन कापायचं, परत धरायचं. सगळेच धरतात तशी. मास्तर समोर बसला होता तवा हा जाळंच वढत होता."

महेशने सोबत आणलेल्या फोल्डरमधून मी मूळ मुखपृष्ठ काढलं. आम्ही चौघांनी ते टेबलावर ठेवून पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्या माणसाकडे किती वेळा बघितलं असेल, पण तो हातात काय धरून आहे हे कधी पाहिलं नव्हतं. होडीच्या काठाखाली, पुस्तकाच्या नावाच्या लाल अक्षरांमागे, जाळ्याची वीण दिसत होती. मास्तरांनी ती गाठीसकट काढली होती. त्यावर प्रकाशकाने नाव छापलं, कोपऱ्यात हिरव्या साडीतली बाई किंचाळायला बसवली गेली, आणि जाळं ओढणारा माणूस खुनी झाला.

महेशने खिशातून चष्मा काढला, लावला. खाली वाकून तो बापाच्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "अंगठा माझ्यासारखा आहे."

"तुजा त्याच्यासारखा हाय," हिराबाय म्हणाली.

महेश दुसऱ्यांदा स्टुडिओत गेला तो एकटाच. बाई आणि अक्षरं काढायला सांगितली. बाकी कशाला हात लावायचा नाही म्हणाला. अक्षरांखाली झाकलेलं जाळं तेवढं स्टुडिओवाल्याने जोडून घेतलं. मूळ कागद मी हिराबायला देऊन टाकला. ह्यांनी विचारलं, "तुझं ते आवडतं होतं ना?" म्हणजे इतकी वर्षं ह्यांना ठाऊक होतं तर. मी म्हटलं, "होतं."

हळदीला आम्ही दोघं गेलो. वर्सोव्याच्या गल्लीत रिक्षा आत जात नाही. माझे गुडघे आणि ह्यांची काठी, पोचेपर्यंत दमछाक झाली. मांडवात बँड, लाल-पिवळ्या साड्या, मोगऱ्याचा वास. आतल्या खोलीत धवलारीन गात होती. भिंतीवर टोप्यांतल्या आजोबांच्या रांगेत धर्मा होता, हार घातलेला, ओल्या केसांचा, दातांत सुरी. कुणी हसलं नाही. ऑफिसातल्या एकाने काहीतरी विचारलं, तेव्हा महेश त्याला दोन्ही मुठी आवळून, मान खाली घालून दाखवत होता, जाळं कसं ओढतात ते. चुकत असावा, कारण शेजारी बसलेला एक म्हातारा उठला आणि त्याची कोपरं धरून खाली केली.

धवलारीनने धर्माचं नाव घेतलं. हिराबाय माझ्या शेजारून उठली, फोटोपुढे गेली. मला वाटलं, आता रडेल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, दारात मासळीचा भाव करताना राहते तशी. मान वर करून त्याच्याकडे पाहत म्हणाली,

"किती येळ धरशील रं ती सुरी? ठेव आता खाली. घरी आलास."